घाटाला राणी नको का?

मुंबई–पुणे सायकल शर्यतीचा विषय निघाला की वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून एक शब्द हमखास बाहेर पडतो : 'घाटाचा राजा'. बोरघाट जो सर्वांच्या आधी चढून जाईल त्याला हा किताब. शर्यत पुण्यात संपते, पहिला क्रमांक तिथे ठरतो, पण किताबाचा मान घाटाला! आमच्या आळीतल्या एका आजोबांना कोणत्या साली कोण जिंकले हे धड आठवत नाही. घाटात कोण पुढे होता हे मात्र ते काल घडल्यासारखे सांगतात.

आता माझा प्रश्न. राजाचे एवढे कौतुक करणाऱ्या या प्रांतात घाटाला राणी नको का? कोटी करण्याची हौस म्हणून मी हे लिहीत नाही. २०२५ च्या डिसेंबरात मी आयुष्यातल्या पहिल्या रस्ता-शर्यतीत उतरले. शर्यतीच्या पत्रकावर दोन ओळी छापल्या होत्या. पुरुष गट : सातारा ते पाचगणी. महिला गट : सातारा ते वाई. म्हणजे सुमारे पस्तीस किलोमीटर सगळ्यांनी मिळून यायचे आणि जिथे पसरणीचा घाट सुरू होतो, तिथे मुलींनी सायकलवरून उतरायचे. आयोजकांना दूरध्वनी केला तेव्हा पलीकडून अगदी आपुलकीच्या आवाजात उत्तर आले, "ताई, घाट आहे तो. मुलींची काळजी म्हणूनच तसं ठेवलंय."

या काळजीबद्दलच मला बोलायचे आहे.

प्रथम माझी पात्रता सांगते, म्हणजे 'हिला काय कळते' हा आक्षेप निकालात निघेल. पात्रता काहीही नाही. माझे गाव वाईपासून नऊ किलोमीटरवर. अकरावीपासून रोज सायकलने येते-जाते. सकाळची एस. टी. कधी येते आणि कधी येत नाही, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. पुण्याच्या आतेभावाने नोकरी लागल्यावर मोटारसायकल घेतली आणि त्याची गिअरची सायकल माझ्याकडे आली. तिची मागची चकती झिजलेली होती. ती बदलून घेतली. एवढ्या भांडवलावर मी शर्यतीत नाव घातले. घरी आईने फक्त एकच विचारले, "किती वाजेपर्यंत येशील?"

साताऱ्याबाहेर सकाळी साडेसहाला आम्ही जमलो तेव्हा हाताची बोटे गारठली होती. मुलांचा गट शंभराच्या वर. मुली मोजून अकरा. पाठीवर कापडी क्रमांक चार सेफ्टी पिनांनी टाचायचा असतो. त्या थंडीत तो स्वतःला टाचता येत नाही, म्हणून अकराजणी एकमेकींच्या पाठीमागे उभ्या राहून टाचत होत्या. ज्यांना तासाभरात हरवायचे त्यांच्याच पिना लावून देण्याचा हा प्रकार मला मोठा गमतीचा वाटला. मुलांना पंधरा मिनिटे आधी सोडले. मग आमची शिट्टी झाली.

शर्यत म्हणजे जिवाच्या आकांताने पुढे पळणे, अशी कल्पना सायकल शर्यत न पाहिलेल्या प्रत्येकाची असते. मीही शिट्टीबरोबर पुढे गेले आणि चार-पाच किलोमीटर एकटी पुढे राहिले. समोरून वारा होता. पाय भरून येऊ लागले, तेव्हा मागून सांगलीकडची एक सडपातळ मुलगी बरोबरीला आली. श्वास जराही न चढू देता ती म्हणाली, "वारं कशाला खातीस? मागं लाग की माझ्या." मी तिच्या मागच्या चाकामागे हातभर अंतरावर सायकल आणली आणि मला खरोखर कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखे वाटले. तोच वेग, तोच रस्ता, पण पायांवरचा भार एकदम हलका.

यात जादू नाही, साधे शास्त्र आहे. सपाट रस्त्यावर ताशी तीस-पस्तीस किलोमीटरच्या वेगाने जाताना सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. वेग जरासा वाढवायचा म्हटला तरी लागणारी ताकद त्याच्या कितीतरी पट वाढते. पुढच्याने हवा कापून दिली की मागच्याची चांगली पाव हिस्सा, कधी त्याहूनही अधिक मेहनत वाचते. म्हणून रस्ता-शर्यतीत प्रतिस्पर्धी एकमेकांना धरून जातात. एक जण पुढे राहून वारा खातो, मग बाजूला होऊन मागे जातो, दुसरा पुढे येतो. आम्ही पाचजणींनी असे पाळीपाळीने नेतृत्व केले. खड्डा आला की पुढची ओरडायची आणि ती हाक मागेपर्यंत जायची. पाचवड फाट्याला वाईकडे वळलो तोवर आम्ही एकमेकींची नावेही विचारली नव्हती, पण कोण वळणावर कचरते आणि कोण पाणी पिताना डगमगते हे सगळे ठाऊक झाले होते. पाळी चुकवणारी एक होतीच. ती वारा न खाता शेवटपर्यंत मागे बसून राहिली. नियमात ते बसते. मनात बसत नाही. पण ते असो.

इथपर्यंतच्या शर्यतीत माझी काही तक्रार नाही. तक्रार शेवटाबद्दल आहे. वाईच्या अलीकडे शेवटची रेघ मारली होती. सपाट रस्त्याच्या अशा शर्यतीचा निकाल शेवटच्या दोन-तीनशे मीटरांत लागतो. तासभर एकत्र आलेल्या साऱ्याजणी एकदम उसळी घेतात. ज्यांच्या मांड्यांत क्षणाचा जोर अधिक आणि जिच्या सायकलची चाके हलकी, ती पुढे निघते. त्यात वाईट काही नाही, तीही एक विद्या आहे. परंतु ती एकच विद्या नव्हे. आम्हांला अर्ध्याहून अधिक वाट वाऱ्यातून ओढून आणणारी ती सांगलीची मुलगी पाचजणींत पाचवी आली. मी चौथी. मागे बसून आलेली पहिली.

माझे म्हणणे नेमके इथे आहे. आयोजकांना वाटले की आपण मुलींसाठी फक्त अंतर कमी केले. प्रत्यक्षात त्यांनी शर्यतच बदलून टाकली. घाटात वेग ताशी दहा-बारा किलोमीटरवर येतो. त्या वेगाला हवेचा अडसर फारसा उरत नाही, म्हणून दुसऱ्याच्या मागे लपून काही साधत नाही. तिथे लढाई स्वतःच्या वजनाशी असते. अंगाने हलकी, दमाने पक्की आणि तासभर एकाच लयीत पाय मारू शकणारी मुलगी तिथे पुढे जाते. सपाटीवर जी हरते तीच घाटात जिंकू शकते. तेव्हा घाट वगळणे म्हणजे एका जातीच्या खेळाडूला स्पर्धेतून आधीच काढून टाकणे. कबड्डीत मुलींना फक्त बचाव करू द्यायचा आणि चढाई करू द्यायची नाही, असे कुणी ठरवले तर आपण हसू. सायकलच्या बाबतीत मात्र आपण त्याला काळजी म्हणतो.

आणि तो घाट तरी असा कोणता राक्षस आहे? वाई समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर, पाचगणी सुमारे तेराशे मीटरवर. मधला रस्ता बारा-तेरा किलोमीटरचा. म्हणजे शंभर मीटर पुढे गेले की साडेचार-पाच मीटर वर. पुढची लहान चकती आणि मागची मोठी चकती जुळवली की ज्याचे पाय रोज चालतात त्याला हा चढ अशक्य नाही. शिवाय शर्यत माथ्यावर संपते, म्हणजे घाटाचा खरा धोका जो उतार, तो शर्यतीत येतच नाही. हे आयोजकांना माहीत नसेल असे मला वाटत नाही.

वाईत क्रमांक परत करून आणि केळी खाऊन झाल्यावर आम्ही चारजणी तशाच पुढे निघालो. ठरवून काही नाही, सांगलीच्या मुलीने सायकल उचलली आणि ती म्हणाली, "आल्यासारखं बघून तरी येऊ." शाहीर साबळ्यांचे पसरणी गाव मागे पडले. वळणे सुरू झाली. पहिल्या दोन वळणांनंतर बोलणे थांबले. डावीकडे खाली कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचे पाणी दिसते, ते मी एस. टी.च्या खिडकीतून शेकडो वेळा पाहिले आहे. सायकलवरून ते इतके सावकाश बदलते की प्रत्येक शेताचा बांध ओळखीचा होतो. घाम डोळ्यांत उतरला, हाताचे पंजे बधिर झाले आणि एका वळणावर मला वाटले की सायकल आता मागे जाईल. ती मागे गेली नाही. वाटेत आम्ही तीन मुलांना ओलांडले. त्यांच्या पाठीवर क्रमांक होते. आमच्या पाठीवर फक्त पिनांची भोके.

पाचगणीला पोचायला मला एक तास चौदा मिनिटे लागली. सांगलीची मुलगी माझ्या बऱ्याच आधी पोचून रस्त्याच्या कठड्यावर पाय सोडून बसली होती. तिला अठ्ठावन्न मिनिटे लागली असे तिने मनगटावरचे घड्याळ दाखवून सांगितले. मंडपाजवळच्या एका कार्यकर्त्याने आमच्याकडे पाहून विचारले, "तुम्ही कशाला वर आलात? तुमची बक्षिसं वाईत आहेत." त्याने हे रागाने विचारले नाही. त्याला खरोखरच कळत नव्हते. ती अठ्ठावन्न मिनिटे जगातल्या कोणत्याही कागदावर लिहिलेली नाहीत, म्हणून मी ती इथे आपल्या वार्षिकांकात लिहून ठेवते.

ही गोष्ट आपल्या तालुक्यापुरती असती तर मी एवढी शाई खर्च केली नसती. पण बायकांच्या सायकलीचा इतिहास वाचू लागले, तर पानोपानी हीच काळजी भेटते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंड-अमेरिकेत काही डॉक्टर गंभीरपणे सांगत असत की सायकल चालवून स्त्रियांचा चेहरा ताठरतो, डोळे बाहेर येतात. त्या कल्पित रोगाला त्यांनी नावही दिले होते, 'सायकल-चेहरा'. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची रस्ता-शर्यत १८९६ च्या पहिल्या, अथेन्सच्या खेळांतच झाली. स्त्रियांना त्यासाठी १९८४ च्या लॉस एंजेलिसपर्यंत थांबावे लागले. अठ्ठ्याऐंशी वर्षे! स्त्रियांची मॅरेथॉनही त्याच वर्षी प्रथम झाली आणि चारशे मीटर अडथळ्यांची शर्यतसुद्धा. ज्या शर्यतीत आपल्या पी. टी. उषाचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले, ती शर्यत स्त्रियांसाठी ऑलिंपिकमध्ये त्याआधी कधी झालीच नव्हती. उषाचे दुःख आपण सारे सांगतो. तिच्या आधीच्या पिढ्यांना हुकण्याचीही संधी नव्हती, हे कुणी सांगत नाही.

या साऱ्या वाचनात मला सर्वांत आवडली ती इटलीची अल्फोन्सिना स्त्रादा. १९२४ साली 'जिरो द'इतालिया' या तीन आठवड्यांच्या, ३,६१३ किलोमीटरच्या शर्यतीत तिने नाव घातले. मोठे सायकलपटू पैशांच्या वादामुळे त्या वर्षी उतरले नव्हते आणि आयोजकांना गर्दी खेचणारे काहीतरी हवे होते, म्हणून तिला घेतले. तिच्या गुणांवर भाळून नव्हे. पेरुजाकडे जाणाऱ्या टप्प्यात वादळी पावसात ती पडली, सायकलचा दांडा मोडला. तिने तिथे झाडूचा दांडा बसवला आणि पुढे निघाली. पोचली ती ठरलेली मुदत उलटल्यावर. नियमाने ती बाद झाली, पण अधिकृत निकालात न धरता तिला पुढे येऊ देण्यात आले आणि ती थेट मिलानपर्यंत पोचली. नव्वद पुरुष निघाले होते. त्यांतले तीसच शेवटपर्यंत गेले. निकालाबाहेर राहून डोंगर चढणाऱ्या त्या बाईची आठवण मला पसरणीच्या घाटात झाली असे लिहिले, तर ते खोटे होईल. घाटात मला कशाचीच आठवण झाली नाही. पण नंतर झाली.

फ्रान्सची प्रसिद्ध 'तूर द फ्रान्स' १९०३ पासून आहे. डोंगरात सरस ठरणाऱ्याचा वेगळा सन्मान तिथे १९३३ पासून आणि त्याची ती पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी १९७५ पासून. म्हणजे 'घाटाचा राजा' ही कल्पना फ्रेंचांनाही सुचली होती. स्त्रियांची तूर १९८४ ते १९८९ अशी सहा वर्षे चालली आणि थांबली. आजच्या स्वरूपातली 'तूर द फ्रान्स फाम' २०२२ साली सुरू झाली. तिच्या २०२४ च्या शेवटच्या टप्प्यात स्त्रियांना आल्प द्युएझचा घाट दिला : एकवीस वळणे, सुमारे चौदा किलोमीटर आणि पसरणीच्या जवळजवळ दुप्पट चढ. त्या दिवशी काय झाले? हॉलंडच्या डेमी व्हॉलेरिंगने टप्पा जिंकला, पण पोलंडच्या काशा निएवियादोमाने पिवळी जर्सी वाचवली ती अवघ्या चार सेकंदांनी. आठ टप्प्यांची शर्यत चार सेकंदांवर! बायकांना घाट दिला तर शर्यत रटाळ होईल, मागे रांगा लागतील, असे ज्यांना वाटते त्यांनी तो शेवटचा तास पाहावा.

इतके लांब तरी कशाला जायचे? पुण्याच्या प्रीती म्हस्के यांनी २०२२ साली पंचेचाळिसाव्या वर्षी लेह ते मनाली हे ४३० किलोमीटरचे हिमालयातले अंतर सायकलवरून ५५ तास १३ मिनिटांत पार केले. त्या वाटेवरच्या खिंडींपुढे आपली पसरणी म्हणजे अंगणातली पायरी. पुण्याचीच वेदांगी कुलकर्णी २०१८ साली विसाव्या वर्षी सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आली, तेही माझ्याच वयाच्या आसपास. या दोघी असामान्य आहेत, मान्य. पण असामान्यांसाठी नियम करायचे नसतातच. नियम माझ्यासारख्या चौथ्या क्रमांकाच्या मुलींसाठी करायचे असतात.

आयोजकांची बाजू मी ऐकून घेतली आहे आणि तिच्यात तथ्य नाही असे म्हणणार नाही. मुलींच्या नोंदी फक्त अकरा. रुग्णवाहिका एकच आणि ती मुलांच्या मागे घाटात. पोलिसांनी रस्ता नऊपर्यंतच मोकळा ठेवलेला, त्यानंतर महाबळेश्वरकडे जाणाऱ्या मोटारींची रीघ. या अडचणी खऱ्या आहेत. पण त्यांतली एकही अडचण मुलींच्या पायांत नाही, हे आपण लक्षात घ्यावे. मुलींना मुलांच्या आधी पंधरा मिनिटे सोडले असते, तर दोन्ही गट नऊच्या आत वर पोचले असते आणि रुग्णवाहिका एकच पुरली असती. नोंदी कमी म्हणून घाट नाही, आणि घाट नाही म्हणून ज्यांना घाट हवा त्या येत नाहीत. हा फेरा कुणीतरी कुठून तरी तोडायला हवा.

आपल्या शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून राज्याच्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. उत्तम योजना आहे. पण सायकल मुलीला मिळते ती शाळेत जाण्यासाठी, म्हणजे उपयोगासाठी. बारावी झाली की ती सायकल गोठ्यात जाते किंवा धाकट्या भावाकडे. सायकल मौजेसाठी, ईर्ष्येसाठी, घाम गाळून काहीच न मिळवण्यासाठीही असते, हे मुलांना कुणी शिकवावे लागत नाही. मुलींच्या सायकलला मात्र कुठे चाललीस, हा प्रश्न प्रत्येक पारावर विचारला जातो. 'घाट चढायला' हे उत्तर दिले की समोरचा माणूस काही काळ गप्प होतो, हा माझा अलीकडचा अनुभव.

आता आपल्या महाविद्यालयापुरते. जिमखाना समितीकडे आम्ही सहाजणींनी व चौघा मुलांनी सहीचा अर्ज दिला आहे. वाई ते पाचगणी अशी फक्त घाटाची शर्यत घ्यावी, घोळक्याने नव्हे, तर एकेकाला एक मिनिटाच्या अंतराने सोडून, घड्याळ लावून. अशा शर्यतीत कुणी कुणाच्या आडोशाला जात नाही, धडकाधडकी होत नाही, रस्ता अडत नाही आणि मुलामुलींसाठी वेगळी रेघही मारावी लागत नाही. वेळा तेवढ्या वेगळ्या लिहायच्या. मुदत दोन तासांची ठेवावी. शनिवार-रविवार टाळून, पहाटे सहाला पहिली सायकल सोडली तर मोटारींची गर्दी वाढण्याआधी सगळे वर असतील. भूगोलाच्या सरांनी प्रत्येक किलोमीटरची उंची काढून द्यायचे कबूल केले आहे. मराठीच्या बाईंनी माथ्यावर वेळा लिहून घेण्याचे काम आपणहून मागून घेतले. लिंबू-सरबतही त्याच आणणार आहेत. दिवाळीच्या सुटीनंतरचा पहिला बुधवार सुचवला आहे. नावे ग्रंथालयाच्या दारातील वहीत लिहावीत. शुल्क नाही, शिरस्त्राण आपापले, आणि साधी सायकल असली तरी चालेल, फक्त दोन्ही ब्रेक लागत असले पाहिजेत. सांगलीच्या त्या मुलीलाही पत्र टाकले आहे; बाहेरची स्पर्धक म्हणून तिला घेता येईल का, हे प्राचार्य ठरवणार आहेत.